थांबविण्याची रीत : संगणकातील चालू कंटेनर आज्ञेने कसे बंद करावेत

स्मरणिकेत बहुधा आठवणी, मनोगते आणि कार्यवृत्तान्त असतात. त्या परंपरेला किंचित बाजूस ठेवून आम्ही येथे एक पाठ देत आहोत. आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेली अनेक मुले-मुली आज नागपूर, पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे संगणकाच्या क्षेत्रात काम करीत आहेत. सुटीत गावी आल्यावर आईवडील विचारतात, ‘‘बाळ, तू दिवसभर नेमके काय करतोस?’’ या प्रश्नाचे सरळ उत्तर देणे मुलांना जड जाते. या पाठातून त्या उत्तराचा निदान एक तुकडा पालकांच्या हाती यावा, आणि संगणक कक्षात नव्याने बसणाऱ्या विद्यार्थ्यांना एक उपयोगी रीत शिकता यावी, असा आमचा दुहेरी हेतू आहे.

विषय लहान आहे. संगणकावर चालू असलेला कंटेनर टर्मिनलवरून आज्ञा देऊन बंद कसा करावा, एवढाच. परंतु एखादी वस्तू सुरू कशी करावी हे सगळेच शिकवितात. ती थांबवावी कशी, हे फार थोडे शिकवितात. नुकसान मात्र पुष्कळदा थांबविताना होते.

१. गिरणीवरून सुरुवात

पारशिवनी परिसरातील कोणत्याही गावात पिठाच्या गिरणीवर उभे राहून पाहावे. दळण संपत आले की गिरणीवाला आधी वरच्या चाडीतून दाणा येणे बंद करतो. जात्याच्या दोन तळ्यांमध्ये असलेला दाणा दळून खाली पडू देतो. आवाज बदलला की मगच मोटारीचा खटका खाली ओढतो. अशा वेळी अचानक वीज गेली तर तळ्यांमध्ये दाणा अडकून राहतो, आणि वीज आल्यावर मोटार भाराखाली कण्हू लागते. तळ्या उचलून दाणा काढावा लागतो, तेव्हा कोठे गिरणी फिरते.

म्हणजे गिरणी बंद होण्याचे दोन प्रकार झाले. एकात तिला हातातले काम संपवायला अवधी मिळतो. दुसऱ्यात मिळत नाही. संगणकातील प्रोग्रॅमचेही अगदी असेच आहे. पुढील सर्व पाठ या एका भेदावर उभा आहे.

२. कंटेनर म्हणजे काय

कंटेनर हा शब्द बंदरावरून आला. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील नेवार्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन ह्यूस्टनकडे निघाले. माल्कम मॅक्लीन या वाहतूक व्यावसायिकाची ही कल्पना होती. त्याआधी पोती, पिंपे, खोकी एकेक करून हमालांच्या पाठीवरून जहाजात चढत. आता आत काय आहे याच्याशी क्रेनला, रेल्वेला किंवा मालमोटारीला कर्तव्य उरले नाही. पेटीचा आकार ठरलेला असला की पुरे. आपल्याकडे न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. नागपूरहून मुंबईकडे जाणाऱ्या मालगाड्यांवर रांगेने ठेवलेल्या ज्या रंगीत लोखंडी पेट्या आपण पाहतो, त्या याच जातीच्या.

संगणकशास्त्राने ही कल्पना उचलली. एखादा प्रोग्रॅम, त्याला लागणारी सर्व पूरक साधने आणि मांडणी हे एका ठरावीक पेटीत भरले, तर ती पेटी कोणत्याही संगणकावर उचलून नेता येते. ‘माझ्या संगणकावर चालत होते, तुमच्याकडे का चालत नाही?’ ही जुनी तक्रार त्यामुळे बरीच कमी होते. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीत यासाठी दोन सोयी होत्या. नेमस्पेस ही सोय प्रोग्रॅमला स्वतंत्र खोलीत बसविते, त्यामुळे त्याला शेजारचे प्रोग्रॅम दिसत नाहीत. सीग्रुप ही सोय त्याने किती स्मृती व किती प्रक्रियाशक्ती वापरावी याची मर्यादा घालते. या सोयी आधीपासून होत्या, पण वापरायला किचकट होत्या. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी ‘डॉकर’ हे साधन जगापुढे मांडले आणि ते काम दोन-चार शब्दांच्या आज्ञांवर आले. पाठीवर पेट्या वाहणारा देवमासा हे डॉकरचे बोधचिन्ह आहे.

येथे दोन संज्ञा वेगळ्या ठेवाव्यात. बांधून ठेवलेल्या, न चालणाऱ्या साच्याला इमेज म्हणतात. त्या साच्यावरून प्रत्यक्ष सुरू केलेल्या प्रतीला कंटेनर म्हणतात. एका इमेजवरून दहा कंटेनर सुरू करता येतात. आपण थांबवितो तो कंटेनर. इमेज जागच्या जागी राहते.

पुढील आज्ञा उच्चाराप्रमाणे नागरीत छापल्या आहेत. प्रत्यक्ष टंकताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टंकावयाच्या आहेत.

३. आधी पाहावे, मग हात लावावा

थांबविण्याची पहिली पायरी म्हणजे काय काय चालू आहे ते पाहणे.

डॉकर पीएस

ही आज्ञा चालू कंटेनरांची यादी दाखविते. यादीत प्रत्येक कंटेनरचा ओळख क्रमांक, तो कोणत्या इमेजवरून निघाला, केव्हा सुरू झाला, त्याची सध्याची स्थिती आणि त्याचे नाव असते. ओळख क्रमांक मुळात ६४ अक्षरांचा असतो. यादीत पहिली १२ दिसतात. आज्ञा देताना तेवढीही लिहावी लागत नाहीत. दुसऱ्या कोणाशी गोंधळ होणार नाही इतकी पहिली तीन-चार अक्षरे पुरतात.

नाव आपण दिले नसेल तर डॉकर स्वतःच ठेवतो : एक विशेषण आणि एका शास्त्रज्ञाचे वा संशोधकाचे आडनाव. या यादीत रमण, बोस, रामानुजन, चंद्रशेखर ही नावेही आहेत आणि कल्पना चावला यांचे आडनावही. मुलांना याची मोठी गंमत वाटते. तथापि गमतीची नावे तीन दिवसांनी आठवत नाहीत. म्हणून कंटेनर सुरू करतानाच त्याला कामावरून नाव द्यावे, उदाहरणार्थ ‘ग्रंथालय’ किंवा ‘सराव’ यांचे इंग्रजी लिप्यंतर. चुकीचा कंटेनर बंद होण्याचे बरेचसे प्रसंग चांगल्या नावाने टळतात.

बंद पडलेले कंटेनरही पाहावयाचे असतील तर ‘डॉकर पीएस -ए’ ही आज्ञा द्यावी. ही दुसरी यादी पुढे आपल्या फार उपयोगी पडणार आहे.

४. विनंती आणि सक्ती

आता मूळ आज्ञा.

डॉकर स्टॉप सराव

ही आज्ञा दिल्यावर आत काय घडते, ते क्रमाने पाहू.

पहिल्याने कंटेनरमधील मुख्य प्रक्रियेला ‘सिगटर्म’ नावाचा संकेत जातो. युनिक्स परंपरेत या संकेताचा क्रमांक १५. त्याचा अर्थ : ‘आवरते घ्या.’ ही विनंती आहे. ती ऐकून प्रोग्रॅमने नवे काम घेणे थांबवावे, हातातले पुरे करावे, उघडलेल्या फायली बंद कराव्यात आणि स्वतःहून निघून जावे, अशी अपेक्षा असते. गिरणीवाल्याने दाणा बंद करण्यासारखेच हे.

त्यानंतर डॉकर वाट पाहतो. वेगळे काही सांगितले नसेल तर ही मुदत १० सेकंदांची असते.

मुदतीत प्रोग्रॅम निघून गेला तर काम झाले. न गेल्यास ‘सिगकिल’ हा दुसरा संकेत जातो. त्याचा क्रमांक ९. हा संकेत प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही. कार्यप्रणालीचा गाभा त्या प्रक्रियेला जागच्या जागी संपवितो. त्याला नकार देता येत नाही आणि निरोपाची तयारीही करता येत नाही. खटका ओढला गेला, तळ्यांतला दाणा तळ्यांतच राहिला.

काही प्रोग्रॅमना आवरायला १० सेकंद अपुरे असतात. त्यांना मुदत वाढवून द्यावी :

डॉकर स्टॉप -टी ६० सराव

येथे ६० म्हणजे साठ सेकंद. मुदत वाढविली म्हणून प्रत्येक वेळी तेवढा वेळ लागतो असे नाही. प्रोग्रॅम तीन सेकंदांत आवरून गेला तर आज्ञा तीन सेकंदांतच पूर्ण होते आणि कंटेनरचे नाव पडद्यावर उमटते.

विनंतीची पायरी वगळून थेट सक्ती करणारी आज्ञाही आहे : ‘डॉकर किल’. प्रोग्रॅम पूर्णपणे अडकला आहे, विनंतीला दाद देत नाही आणि संगणकाची स्मृती खात सुटला आहे, अशा वेळी तिचा उपयोग करावा. ‘स्टॉप’ला वेळ लागतो म्हणून सवयीने ‘किल’ वापरणे मात्र घातक होय. का, ते आमच्याच अनुभवावरून सांगतो.

५. आमच्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी एका अभ्यासिकेत एक जुना संगणक बसविला. इयत्ता आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव मुलांनी त्यावर करावा, अशी योजना होती. उत्तरे नोंदविणारा छोटासा प्रोग्रॅम आम्हीच लिहिला आणि कंटेनरमध्ये ठेवला. संगणक जुना, डिस्क मंद. म्हणून प्रत्येक उत्तर लगेच डिस्कवर न लिहिता ते स्मृतीत साठवावे आणि दर काही मिनिटांनी एकदम लिहावे, अशी रचना आम्ही केली. शेवटी थांबविण्याचा संकेत आला की उरलेली उत्तरे लिहून मगच बाहेर पडायचे, हेही प्रोग्रॅममध्ये नीट लिहिले होते. स्वतंत्रपणे चालवून पाहिले तेव्हा ते बरोबर चाललेही.

रोज रात्री अभ्यासिका बंद करताना आमच्यापैकी कोणीतरी ‘डॉकर स्टॉप’ देत असे. दर वेळी नेमके दहा सेकंद लागत. ‘यंत्र जुने आहे, वेळ लागणारच,’ असे आम्ही म्हणत असू. मुले घरी गेल्यावर बराच वेळ संगणक तसाच चालू राहत असे, म्हणून तोवर सगळी उत्तरे डिस्कवर गेलेली असत आणि काही बिघडलेले दिसत नसे.

परीक्षेच्या आठवडाभर आधी शेवटची सराव परीक्षा झाली. त्या संध्याकाळी आभाळ भरून आले होते. वीज जाण्यापूर्वी संगणक रीतसर बंद करावा म्हणून, शेवटच्या मुलीने ‘सादर करा’ दाबताच आम्ही लगेच आज्ञा दिली. दहा सेकंद लागले. दुसऱ्या दिवशी पाहिले तर वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांची शेवटच्या भागाची उत्तरे नाहीत.

मुलांनी तक्रार केली नाही. एक मुलगी एवढेच म्हणाली, ‘‘दादा, ते शेवटचं गणित मला पहिल्यांदाच सुटलं होतं.’’ ते गणित तिने पुन्हा सोडविले. पण पहिल्यांदा सुटल्याची नोंद आम्ही घालविली होती, ती परत येणार नव्हती. जी मुले मैलभर चालत येऊन संगणकाला प्रथमच हात लावीत होती, त्यांचा त्या यंत्रावरील विश्वास आमच्या बेफिकिरीने डळमळला. विजेने नव्हे, वादळाने नव्हे; आम्ही रीतसर समजून दिलेल्या आज्ञेनेच ते झाले.

६. दहा सेकंदांचे कोडे

कारण शोधताना प्रथम ‘डॉकर पीएस -ए’ ही आज्ञा दिली. बंद कंटेनरच्या स्थितीसमोर ‘एक्झिटेड’ हा शब्द आणि १३७ हा आकडा होता. हा आकडा म्हणजे प्रोग्रॅमने जाताना मागे ठेवलेली खूण होय. ती वाचण्याची रीत सोपी आहे :

० असल्यास प्रोग्रॅम आपले काम आटोपून नीट गेला.

१४३ असल्यास १२८ अधिक १५, म्हणजे सिगटर्मने तो संपला.

१३७ असल्यास १२८ अधिक ९, म्हणजे सिगकिलने त्याला संपविले.

स्मृती अपुरी पडल्यामुळे कार्यप्रणालीने कंटेनर मारला तरीही १३७ हाच आकडा येतो. त्याचा उलगडा ‘डॉकर इन्स्पेक्ट’ ही आज्ञा देऊन करता येतो. आमच्या बाबतीत स्मृतीचा प्रश्न नव्हता. म्हणजे महिनोन्‌महिने रोज रात्री आमचा प्रोग्रॅम सक्तीने मारला जात होता, आणि दर वेळी लागणारे ते नेमके दहा सेकंद म्हणजे विनंती कोणी न ऐकल्याची खूण होती. ती रोज आमच्या डोळ्यांसमोर होती.

विनंती पोचली का नाही? कंटेनरमधील पहिल्या प्रक्रियेला १ हा क्रमांक मिळतो, आणि डॉकरचा संकेत फक्त तिलाच जातो. आम्ही इमेज बांधताना प्रोग्रॅम सुरू करण्याची ओळ साध्या वाक्यासारखी लिहिली होती. तशी लिहिली की डॉकर आधी ‘शेल’ नावाचा मध्यस्थ सुरू करतो आणि तो मध्यस्थ आपला प्रोग्रॅम सुरू करतो. साहजिकच १ हा क्रमांक मध्यस्थाला मिळाला. सिगटर्म त्याच्याकडे आला. त्याने तो पुढे दिला नाही. पत्र दारावर आले, घरच्या माणसाला मिळालेच नाही, अशी गत झाली.

यात आणखी एक बारकावा आहे. क्रमांक १ च्या प्रक्रियेला लिनक्स विशेष वागणूक देते. एरवी सिगटर्मकडे लक्ष न देणारा प्रोग्रॅम त्या संकेताने आपोआप संपतो. परंतु तो क्रमांक १ वर असेल आणि संकेत आल्यावर काय करायचे हे त्यात लिहिलेले नसेल, तर तो संकेत विरून जातो. म्हणून उपाय तिहेरी आहे.

एक, इमेज बांधताना सुरुवातीची ओळ चौकटी कंसातील यादीच्या रूपात लिहावी. मग मध्यस्थ राहत नाही आणि प्रोग्रॅम स्वतः क्रमांक १ होतो.

दोन, सिगटर्म आल्यावर काय आवरायचे ते प्रोग्रॅममध्ये स्पष्ट लिहावे.

तीन, जुन्या इमेजमध्ये बदल करणे शक्य नसेल तर कंटेनर सुरू करताना ‘--इनिट’ हा पर्याय द्यावा. त्यामुळे क्रमांक १ वर एक छोटा, प्रामाणिक निरोप्या बसतो आणि आलेले संकेत पुढे पोचवितो.

आम्ही पहिला उपाय केला. त्या रात्री ‘डॉकर स्टॉप’ एका सेकंदाच्या आत पूर्ण झाली आणि आकडा आला शून्य. अर्थात मूळ रचनाही बदलली. आता प्रत्येक उत्तर लगेच डिस्कवर लिहिले जाते, कारण वीज सिगटर्म पाठवून जात नाही.

७. आधी रोजकीर्द, मग खतावणी

येथे चौकस वाचक विचारील : मोठ्या संस्थांच्या माहितीसाठ्यांचे मग काय होत असेल? पोस्टग्रेस हा मुक्त माहितीसाठा उदाहरणादाखल घेऊ. जुने दुकानदार व्यवहार प्रथम रोजकीर्दीत उतरवीत आणि मग सवडीने खतावणीत चढवीत. पोस्टग्रेसही तसेच करतो. प्रत्येक बदल प्रथम एका नोंदवहीत पक्का लिहितो, मग मूळ जागी. मध्येच सक्तीने बंद पडला तर पुन्हा सुरू होताना नोंदवही वाचून खतावणी जुळवून घेतो. त्यामुळे पक्के झालेले व्यवहार सहसा बुडत नाहीत. मात्र सुरू व्हायला वेळ लागतो आणि अर्धवट व्यवहार सोडून द्यावे लागतात. म्हणून पोस्टग्रेसच्या कंटेनरलाही मुदत थोडी सढळ हाताने द्यावी. थांबविण्याचा संकेतही प्रत्येकाचा सारखाच नसतो. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये सिगटर्मऐवजी सिगइंट हा संकेत ठरविलेला आहे, कारण सिगटर्म मिळाल्यास पोस्टग्रेस जोडलेले सगळे ग्राहक आपणहून जाईपर्यंत थांबतो आणि ती वाट लांबू शकते. सिगइंट मिळाल्यास तो ग्राहकांना निरोप देऊन नीट बंद होतो.

८. थांबविणे, गोठविणे, काढून टाकणे

नवशिके या तीन क्रियांत गल्लत करतात. म्हणून त्या वेगळ्या मांडतो.

‘डॉकर स्टॉप’ने कंटेनर थांबतो, नाहीसा होत नाही. त्याच्या आत लिहिलेल्या फायली तशाच असतात. ‘डॉकर स्टार्ट’ दिल्यावर तो त्यांच्यासह पुन्हा सुरू होतो.

‘डॉकर पॉज’ने कंटेनर आहे त्या जागी गोठतो. प्रोग्रॅमला संकेत मिळत नाही. त्याच्या दृष्टीने जणू काळच थांबतो. ‘डॉकर अनपॉज’ने तो पुढे चालू लागतो. थोडा वेळ यंत्राला उसंत द्यावयाची असेल तर हे ठीक. गोठलेला कंटेनर स्मृती अडवून ठेवतो, हे लक्षात असावे.

‘डॉकर आरएम’ने थांबलेला कंटेनर कायमचा काढला जातो आणि त्याच्या आत लिहिलेलेही त्याच्याबरोबर जाते. ‘डॉकर आरएम -एफ’ तर चालू कंटेनरलाही विनंतीविना मारून काढते. जपून ठेवण्यासारखी माहिती म्हणूनच कंटेनरच्या आत न ठेवता व्हॉल्यूम नावाच्या बाहेरच्या कोठीत ठेवावी. पेटी बदलली तरी कोठीतले धान्य राहते.

एकत्र चालणारे अनेक कंटेनर डॉकर कंपोज या साधनाने हाताळतात. तेथेही हाच भेद आहे. ‘डॉकर कंपोज स्टॉप’ सर्वांना थांबविते. ‘डॉकर कंपोज डाउन’ थांबवून काढूनही टाकते, पण नावाच्या कोठ्यांना हात लावीत नाही. त्यापुढे ‘-व्ही’ जोडले की कोठ्याही जातात. एका अक्षराचा फरक आहे. एंटर दाबण्यापूर्वी ओळ पुन्हा वाचावी.

९. अनेकांना एकदम, आणि क्रमाने

सर्व चालू कंटेनर एका आज्ञेत थांबविण्याची रीत अशी :

डॉकर स्टॉप $(डॉकर पीएस -क्यू)

कंसातील आज्ञा चालू कंटेनरांचे केवळ ओळख क्रमांक देते आणि बाहेरची आज्ञा त्यांना थांबविते. एकही कंटेनर चालू नसेल तर ‘किमान एक नाव द्या’ अशा अर्थाची चूक येते. घाबरण्याचे कारण नाही. ही आज्ञा स्वतःच्या सरावाच्या संगणकावर सोयीची आहे. अनेकांचे काम ज्यावर चालते त्या संगणकावर ती देऊ नये. तेथे नावे घेऊन, एकेक थांबवावे.

क्रमालाही महत्त्व आहे. लोकांची मागणी स्वीकारणारा भाग आधी बंद करावा, माहितीसाठा शेवटी. उलट केले तर मागणी येतच राहते आणि तिला उत्तर देणारा मागे कोणी नसतो. कोणता भाग कोणावर अवलंबून आहे हे कंपोजच्या फायलीत लिहून ठेवले असेल तर तो हा उलटा क्रम स्वतःच पाळतो.

बंद केलेला कंटेनर दुसऱ्या दिवशी आपोआप उठून बसला, असे पाहून विद्यार्थी चकित होतात. ते पुनरारंभाच्या धोरणामुळे घडते. धोरण ‘ऑलवेज’ असेल तर हाताने थांबविलेला कंटेनरही संगणक पुन्हा सुरू झाल्यावर परत चालू होतो. ‘अनलेस-स्टॉप्ड’ असेल तर आपण थांबविल्याची आठवण ठेवून तो बंदच राहतो. चालत्या कंटेनरचे धोरण ‘डॉकर अपडेट’ या आज्ञेने बदलता येते.

१०. क्यूआर कोडच्या मागे

हे सारे केवळ तज्ज्ञांचे, असे पालकांनी समजू नये. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत छापलेला चौकोनी क्यूआर कोड मोबाइलने टिपला की ‘दीक्षा’ या व्यासपीठावरील पाठ उघडतो. दीक्षा २०१७ साली सुरू झाली आणि ती ‘सनबर्ड’ या मुक्त प्रणालीवर उभी आहे. तिचे भाग कंटेनरांच्या रूपात चालविता येतात. अशा मोठ्या व्यवस्थांत शेकडो कंटेनर असू शकतात. त्यांच्यावर देखरेखीसाठी गूगलने २०१४ साली खुले केलेले ‘कुबरनेटीज’ हे साधन पुष्कळ ठिकाणी वापरतात. प्रणालीची नवी आवृत्ती आली की नवे कंटेनर सुरू होतात, येणारी मागणी त्यांच्याकडे वळते आणि जुन्यांना एकेक करून सिगटर्म जातो. येथे ठरावीक मुदत ३० सेकंदांची असते, नंतर सिगकिल. रीत तीच, फक्त हात माणसाचा नाही. जुन्या कंटेनरने विनंती ऐकली तर पाठ पाहणाऱ्या मुलाला मागे काही बदलले याचा पत्ताही लागत नाही. न ऐकली तर त्याचा पडदा मध्येच थबकतो. आपली मुले शहरात जी कामे करतात, त्यांतील एक म्हणजे असा पडदा थबकू न देणे होय.

११. खटका कोणाच्या हाती

शेवटची सूचना अधिकारासंबंधी. डॉकरच्या आज्ञा देण्याचा अधिकार संगणकाच्या मुख्य वापरकर्त्याला किंवा ‘डॉकर’ गटातील सदस्यांना असतो. या गटात घेतलेल्या व्यक्तीला जवळजवळ संपूर्ण संगणकाची किल्ली मिळते. म्हणून सोयीखातर सर्वांना त्या गटात घालू नये. कोणी केव्हा काय थांबविले याची वही संगणकाशेजारी असावी. बंद करण्यापूर्वी खोलीत मोठ्याने विचारावे, ‘‘कोणाचे काम चालू आहे का?’’ ही आज्ञा कोणत्याही यंत्रात नाही. ती आपणच पाळावयाची असते.

सारांश

थांबविण्यापूर्वी यादी पाहावी. आधी विनंती करावी, पुरेशी मुदत द्यावी, सक्ती शेवटी करावी. थांबल्यावर मागे राहिलेला आकडा वाचावा. दर वेळी मुदत पूर्ण भरत असेल तर यंत्राला दोष देण्याआधी विनंती पोचते का ते तपासावे. मोलाची माहिती कंटेनरबाहेर ठेवावी.

त्या सराव परीक्षेनंतर अभ्यासिकेच्या भिंतीवर आम्ही एक कागद चिकटविला. त्यावर दोनच ओळी आहेत : ‘सर्वांचे झाले का विचारा. आकडा शून्य आला का पाहा.’ संगणक पुढे बदलला, मुलेही बदलली. कागद मात्र दरवर्षी नवा लिहिला जातो, आणि तो लिहिण्याचे काम आठवीच्या मुलांकडे असते.

स्वाध्याय

१. आपल्या संगणकावर एक कंटेनर सुरू करून ‘डॉकर स्टॉप’ द्या. किती सेकंद लागले ते घड्याळात मोजा आणि ‘डॉकर पीएस -ए’ मधील आकड्याशी त्याचा मेळ घाला.

२. तोच कंटेनर पुन्हा सुरू करून ‘डॉकर किल’ द्या. आकड्यात काय फरक पडला? का?

३. दहा सेकंद लागणारा कंटेनर सापडल्यास तो ‘--इनिट’ पर्यायासह सुरू करून पाहा आणि बदल नोंदवा.

४. घरातील किंवा शेतातील असे एक यंत्र निवडा, जे अचानक बंद केल्यास बिघडते. ते बंद करण्याचा योग्य क्रम घरातील जाणत्या माणसाला विचारून पाच ओळींत लिहा.